साडीऐवजी जीप

आमच्याकडं बहिणीनं जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि भावानं तिला साडी नेसवायची, अशी रीत आहे. सगळ्याच बहिणी सोडतात. न सोडणारीचं माहेर तुटतं म्हणतात, आणि ते खोटं नाही. मी तुटलेली माहेरं पाहिलीत. बिडकीनकडं कारखान्यांसाठी रस्ते रुंद व्हायला लागले, जमिनींना भाव आला, तसे माझ्या धाकट्या भावाचे फोन वाढले. एरवी दिवाळीलासुद्धा दोन वाक्यांत उरकणारा माणूस माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला लागला. समजायचं ते मी समजले. एक दिवस रजिस्ट्री कचेरीत जाऊन हक्कसोडावर सही करून आले.

सही झाल्यावर त्यानं पैठणीचं खोकं पुढं केलं. हातमागाची होती, नावं ठेवायला जागा नव्हती. भावजय शेजारी कुंकवाचा करंडा घेऊन उभी. मी खोकं परत सरकवलं.

"साडी नको," मी म्हटलं. "अण्णांची जीप दे."

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांची जुनी डिझेलची जीप, चारही चाकं ओढणारी, ते गेल्यापासून वस्तीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालत. भाऊ आधी हसला, मग साक्षीदार हसले, आणि सगळे हसतात म्हणून तिथला चहावालाही हसला. मी हसले नाही, तेव्हा भाऊ थांबला.

"आक्का, ती जीप हाय व्हय आता? लोखंड हाय निस्तं."

"मग लोखंड दे."

"दिलं," तो म्हणाला. "पर दसऱ्याला माझा नवा ट्रॅक्टर येणारे, मला शेड मोकळं पायजे. त्या दिशी जीप चालत शिवंच्या पल्याड गेली तर तुझी. ओढून न्यायची नाय. न्हाय चालली तर दुसऱ्या दिशी शहागंजचा भंगारवाला येऊन घिऊन जाईल. त्यानं बघून ठिवलीय."

मी हो म्हटलं. भावजयीनं मला कुंकू लावलं आणि पैठणी पुन्हा पिशवीत गेली.

जीपच का, असं पुष्कळांनी विचारलं. आमच्या यजमानांनी तर रोज विचारलं. त्याचं उत्तर असं की अण्णा गाडी चालवायचे तेव्हा पुढच्या सीटवर भाऊ बसायचा. तो माझ्याहून धाकटा, पाय खाली टेकत नव्हते तेव्हापासून पुढं. अण्णा त्याला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला द्यायचे. आई आणि मी मागच्या फळीवर, खताच्या पोत्यांबरोबर. त्या फळीवरून समोरचं काही दिसायचं नाही. ताडपत्री मागून उघडी, त्यामुळं दिसायचा तो फक्त मागं पडणारा रस्ता आणि धूळ. मी एकदा पुढं बसते म्हटलं तर अण्णा म्हणाले, तू काय गाडी चालवणारेस? मी म्हटलं, चालवीन. त्यांनी ते ऐकलंसुद्धा नाही.

माझ्या वाट्याला गाडीचं एकच काम होतं, रेडिएटरचं पाणी. घाट चढून आलो की अण्णा बॉनेट उघडायचे आणि मला म्हणायचे, पाणी आण. विहिरीवरून कळशी आणायची, झाकण निवेस्तोवर उभं राहायचं, मग बारीक धारेनं ओतायचं. ती गाडी किती पाणी पिते, कधी पिते, कधी नुसती फुसफुसते, हे भावाला कधीच कळलं नाही. मला कळायचं. तेव्हा राग यायचा, अजूनही येतो, आणि तो राग मी कुणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही.

माझी शहरात, छावणीत, पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी घातली, मी चालवते. जात्याच्या दगडांना टाकी लावून घेणं सोडलं तर बाकी सगळं माझ्या हातचं; पट्टा मी बदलते, बेअरिंग मी ठोकून काढते. दळण आणायला टेम्पो चालवते, त्यामुळं लायसन्सही आहे. म्हणजे मी काही हवेत बोलले नव्हते. पण गिरणी बंद पडली तर गिऱ्हाईक उद्या येतं. जीपचा उद्या दसरा होता, आणि तो येत चालला होता.

गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी मी वस्तीवर जायला लागले. पहिला दिवस नुसता उंदीर हाकलण्यात गेला. त्यांनी वायरिंगचं पार वाटोळं केलं होतं. टाकी उतरवली तर आतून डिझेल निघण्याऐवजी गुळाच्या काकवीसारखं काहीतरी निघालं. बिडकीनचा एक मेकॅनिक भावानंच बोलावून आणला. त्यानं बॉनेट उघडलं, चक् चक् केलं, आणि इंजिनाला हात न लावता चहा पिऊन गेला. चारही ब्रेक गंजून धरलेले. एकेक नट रॉकेलमध्ये भिजवायचा, ठोकायचा, शिव्या द्यायच्या, पुन्हा भिजवायचा. शिव्या मी मनातल्या मनात देते असं मला वाटायचं. भावजयीनं एकदा पाणी देताना सांगितलं, "वन्सं, गोठ्यापर्यंत ऐकू येतंय."

भाऊ बाजेवर बसून बघायचा. मदत नाही, नुसती टिप्पणी.

"गिरणीचा पट्टा बदलणं येगळं आन् इंजिन येगळं, आक्का."

"व्हय का? मग दाखव की तुला काय येतं ते."

"मला काय करायचंय? माझा नवा येतोय."

त्याचं खरं होतं. त्याला इंजिनातलं काही येत नव्हतं. पुढच्या सीटवर बसून कुणाला काही येत नसतं.

रेडिएटरचं पाणी फिरवणारा पंप मात्र गेलेलाच होता. हातानं पंखा हलवला तर दांडा लटलट करायचा. जुना पंप पिठाच्या पिशवीत घालून मी शहागंजच्या जुन्या सामानाच्या बाजारात गेले. एका दुकानदारानं तो हातात घेतला, माझ्याकडं बघितलं, परत पंपाकडं बघितलं.

"बाजी, ये गाडी अब कौन चलाता? भंगार में डाल दो."

"चाचा, मशवरा नक्को. पंप दिखाव."

त्यानं माळ्यावरून धूळ खाल्लेलं खोकं काढलं. पंप मिळाला, पाणी गळू नये म्हणून त्याच्याखाली बसवायचं कागदी पॅकिंग मिळालं नाही. ते मी पॅकिंगचा कागद आणून घरी कात्रीनं कापलं. ब्लाउजचा गळा कापते तसंच, फक्त भोकं जास्त. आमचे हे म्हणाले, "घरातला मिक्सर दोन महिने झाले बंद आहे, त्याचं काय?" मी म्हटलं, मिक्सरला शीव ओलांडायची नाहीये.

नवं डिझेल भरलं, नळ्यांतली हवा काढली. डिझेलच्या गाडीत हवा अडकली तर ती चालू होत नाही. नट सैल करून हातानं पंप मारत राहायचं, आधी फेस येतो, मग सलग धार. माझा अंगठा सुजला, पण धार आली. बॅटरी जोडली, चावी फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती खोकली आणि धडधडायला लागली. शेड काळ्या धुरानं भरलं, कोंबड्या ओरडत पळाल्या, आणि मी मडगार्डवर हात ठेवून रडले. भावजय दारात उभी होती, तीही रडत होती. तिनं आपल्या माहेरी हक्क सोडला तेव्हा तिला साडी मिळाली होती. ती साडी ती अजून नेसली नव्हती, हे तिनं मला त्या दिवशी सांगितलं.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी वस्तीवर मुक्कामालाच गेले. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते; विळे, कोयते, कुदळी, सगळं धुऊन पाटावर मांडतात आणि त्या दिवशी वापरत नाहीत. बघते तर भावजयीनं माझे पानेही घासून पाटावर ठेवलेले, प्रत्येकाला हळदकुंकू. मला फार बरं वाटलं. पण पंपाखालून पाण्याचा थेंब पडत होता आणि बोल्ट आवळायला मला तेच पाने हवे होते. मी पाटावरचा पाना उचलला.

"आक्का!" भाऊ ओरडला. "पुजलेलं हत्यार आज उचलत नाहीत."

"सकाळी वैरण कशानं कापलीस? दातानं?"

मी बोल्ट आवळले, थेंब थांबला, पाना पुसून पुन्हा पाटावर ठेवला. कुंकू थोडं ग्रीसमध्ये मिसळलं, एवढंच.

दसऱ्याला सकाळीच ट्रॅक्टर आला. लाल, चकचकीत, सीटवर अजून प्लास्टिक. भावानं त्या वर्षी झेंडू केला होता, त्यामुळं फुलांना तोटा नव्हता. दोन्ही गाड्यांची पूजा भावजयीनं केली. ट्रॅक्टरला एक हार, बॉनेटवरून टाकलेला. जीपला मात्र तिनं मनापासून सजवलं. हार हाताच्या मनगटाएवढा जाड, पुढच्या जाळीच्या फटीफटीतून ओवून घेतलेला, मधे आंब्याचे डहाळे, वर आपट्याची फांदी. जाळी दिसेनाशी झाली. चाकाखाली लिंबू, नारळ फोडला. मी बघत होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. इतक्या वर्षांत त्या जीपला कुणी एवढं नटवलं नव्हतं.

संध्याकाळी सीमोल्लंघनाला निघालो. ओढा ही आमच्या गावाची शीव. वस्तीपासून तिथपर्यंत कच्ची वाट, नुकत्याच झालेल्या पावसानं काळ्या मातीचा लगदा. मी जीप चारही चाकांवर टाकली आणि हळूहळू निघाले. भाऊ आणि भावजय बाजूनं चालत. भावाच्या खांद्यावर साखळी होती.

"साखळी कशाला?" मी विचारलं.

"असू दे. ट्रॅक्टर आणायला लांब नाय."

चिखलात गाडी अशी चालली की माझं मलाच ओरडावंसं वाटलं. पहिल्या गिअरमध्ये, मान न वळवता, बैलासारखी. भाऊ बाजूनं चालताना चपला हातात घेऊन चालत होता. ओढा दिसायला लागला, आणि तेव्हाच मला काटा दिसला. उष्णतेचा काटा, जो मी स्वतः दुरुस्त केला होता. तो मधली खूण सोडून तांबड्याकडं सरकत होता. मग बॉनेटच्या कडेतून वाफ आली.

मी थांबले. ओढा समोर, दगड मारला तर त्यात पडेल एवढा जवळ.

"म्हटलं नव्हतं?" भाऊ म्हणाला. आवाजात आनंद लपत नव्हता. "पंप तूच बसवला ना?"

मी खाली उतरले. मला भीती वाटली, लपवण्यात अर्थ नाही. कात्रीनं कापलेलं ते पॅकिंग माझ्या डोळ्यासमोर आलं. ह्याच्यापुढं एवढं नाक वर करून बोलले होते, आता भंगारवाला उद्या येणार, आणि त्याला चहा मलाच द्यावा लागणार. भाऊ साखळीचा आकडा सोडवायला लागला होता.

"हात लावू नको," मी म्हटलं. "इंजिन चालू आहे. मला बघू दे."

बॉनेट उघडलं. झाकणाला हात लावला नाही. कळशी घेऊन उभी राहिलेली पोरगी तेवढं शिकलेली असते. पंपाखाली हात फिरवला, कोरडा. पट्टा ताठ. पंखा फिरतोय. पदर हाताला गुंडाळून वरची नळी दाबली, मग खालची. दोन्हीतून पाणी फिरत होतं. म्हणजे पंप चालू होता. माझा पंप चालू होता, माझं पॅकिंग धरून होतं. मग ताप कशाचा?

गिरणीत हवा कुठं जाते ते पिठाच्या धुळीवरून कळतं. इथं धूळ नव्हती, चिखल होता. मी हारावरच्या फांदीचं एक आपट्याचं पान तोडलं आणि जाळीसमोर धरून सोडलं. पंखा मागून हवा ओढत असेल तर पान जाळीला चिकटायला हवं. पान सरळ खाली पडलं. दुसरं सोडलं, तेही पडलं. वाकून फटीत बघितलं तर हार, डहाळे, झेंडूच्या पाकळ्या, सगळं आत ओढलं जाऊन गच्च बसलेलं. हवेला शिरायला जागाच नव्हती. गाडीचा श्वास कोंडला होता, आणि तो आमच्याच पूजेनं कोंडला होता.

मी हसायलाच लागले. "हार काढायचाय," मी म्हटलं.

भाऊ पुढं आला. "दसऱ्याचा हार? शिवंवर? आज दिवसभर हात लावायचा नसतो. अपशकुन हाय, आक्का." मग एकदम भावजयीवर उखडला, "एवढा कोंबायला कुणी सांगितलं होतं तुला?"

भावजयीचा चेहरा उतरला. मी म्हणणार होते की तिला बोलू नको, तिच्याएवढं ह्या गाडीचं कुणी केलं नाही. पण ती माझ्या आधी हलली. कमरेला खोचलेला विळा तिनं काढला. सोनं लुटायला फांद्या तोडण्यासाठी आणला होता, कालचं कुंकू अजून त्याच्यावर होतं.

"मीच घातला," ती नवऱ्याला म्हणाली, "मीच काढते. तुमी बाजूला व्हा."

तिनं सपासप हार कापला. मी फटींतून डहाळे ओढून काढले, पाकळ्या बोटांनी उकरल्या. झेंडूचा ढीग चिखलात पडला. मग तिनं स्वतः एक पान घेतलं आणि जाळीसमोर सोडलं. ते टपकन जाळीला चिकटलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं, आणि आम्ही दोघी तिथं चिखलात उभ्या राहून शाळेतल्या पोरींसारख्या हसलो.

मग थांबलो. काटा खाली येईपर्यंत उभं राहणं मला जमतं. भाऊ साखळी खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता, त्याला जमत नव्हतं. काटा उतरला तेव्हा मी इंजिन बंद केलं, झाकण निवेपर्यंत पुन्हा थांबले, आणि पदर गुंडाळून ते सावकाश उघडलं.

"पाणी आण," मी म्हटलं.

मी कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. पण भावजयीच्या हातात विळा होता. भावानं इकडंतिकडं बघितलं, साखळी खाली ठेवली, मी जीपमध्ये मागं ठेवलेला कॅन उचलला आणि ओढ्यावर गेला. भरून आणला. ओतायला लागला तर मी म्हटलं, असं नाही, बारीक धारेनं. त्यानं बारीक धारेनं ओतलं.

जीप चावीच्या पहिल्याच फेऱ्याला चालू झाली. भावजय पुढच्या सीटवर चढून बसली, पदर सावरला, विळा मांडीवर ठेवला. भावानं सवयीनं तिकडचंच दार धरलं होतं. ते त्याच्या तोंडावर लागलं.

"डांबरी सडकंपर्यंत येऊ दे मला," तो म्हणाला. "गावातले सोनं घिऊन तिथं थांबलेत."

"ये की. मागं जागा आहे."

तो मागून चढला, साखळी घेऊन फळीवर बसला. मी गाडी ओढ्यात घातली. पाणी चाकांना लागलं, दगडावर एकदा घसरली, मग चारही चाकांनी पकड घेतली आणि आम्ही पलीकडं चढलो. शीव मागं गेली. भावजयीनं दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली होती आणि ती समोर बघत होती, रस्ता, सडक, सडकेवर उभी असलेली माणसं. मी आरशात बघितलं. भाऊ पाठमोरा बसला होता, ताडपत्रीच्या उघड्या बाजूकडं तोंड करून. त्याला ओढा दिसत असणार, चिखलातला झेंडू, आणि लांब शेडपुढं उभा लाल ट्रॅक्टर.

"आक्का," तो इंजिनाच्या आवाजावरून ओरडला, "इथनं फुडचं कायच दिसंना गं."

"माहितीय मला," मी म्हटलं, आणि दुसरा गिअर टाकला.